ओम्नीची डावी सीट

मुरूम
१८ नोव्हेंबर २०२४

भिंत पडली नाही. नुसता कोपरा गेला, तोही आपला नाही, शेजारच्या बब्रुवानच्या ओट्याचा. तू फोनवर ऐकलास तो आवाज तेवढाच. नंतर तू ‘अप्पा, अप्पा’ करत राहिलीस, पण फोन त्यांच्या पायाखाली पडला होता, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. कोणाला लागलेलं नाही. ओम्नीचा डावा दिवा फुटला. बंपर आत गेला होता, तो तुझ्या अप्पांनी दगडानं ठोकून बाहेर काढला.

गाडी उन्हात होती, ती गल्लीतून वळवून सावलीत लावत होते. मी सहज शेजारी बसले होते. बब्रुवान भांडला नाही. ‘काका, भिंत जुनीच व्हती,’ एवढंच म्हणाला. त्याची आई कमलबाई त्या ओट्यावर उन्हाला बसते हे तुला माहीत आहे. तेव्हा ती तिथं नव्हती.

शुभा, फोन सोडून पत्र का लिहिते ते सांगते. घरात फोन एकच, आणि तो त्यांच्या खिशात. पडद्यावरचं दिसत नाही म्हणून ते सगळं मोठ्या आवाजावर लावून ऐकतात. तू बोललीस की ते ऐकतात, आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक ऐकतं, मग मला कळतं. पत्र मात्र त्यांना वाचता येत नाही. दिवाळीपासून पेपरातले मोठे मथळेही दिसेनात. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. काचबिंदूनं बाजूचं सगळं गेलं, समोरचं राहिलंय ते नळीतून बघितल्यासारखं. मी थेंब घालते. चुकत नाही.

तू येऊन आरडाओरडा करू नकोस. गाडी उभीच असते.

अव्वा


परंडा
२३ नोव्हेंबर

अव्वा,

‘गाडी उभीच असते’ आणि ‘कोपरा गेला’ ही दोन वाक्यं तू एकाच पत्रात लिहिली आहेस. पुन्हा वाचून बघ.

मी दवाखान्यात काय काम करते ते तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. अपघाताचा माणूस आणला की त्याच्या अंगावरचे कपडे कात्रीनं कापावे लागतात. ते मी करते. धडक देणाराही बहुतेक वेळा मागून येतो, बाकावर बसतो आणि म्हणतो, ‘दिसलाच न्हाय हो बाई.’ त्यांना दिसत असतं, तरी ते असं म्हणतात. अप्पांना खरोखर दिसत नाही. बाजूनं पळत आलेलं मूल त्यांना गाडीखाली गेल्यावर कळेल.

चालवू नका म्हटलेलं ते ऐकणार नाहीत. त्यांच्या हातातून कोणी काही काढून घेतलेलं त्यांना कधी चाललं नाही. स्वतः दिलेलं चालतं. मठात पंगत देतात तेव्हा किती खुशीत असतात ते तू बघतेस. म्हणून एक सुचवते.

नळदुर्गजवळ अंध मुलांची निवासी शाळा आहे. तिथले महारुद्र सर मला धाराशिवच्या शिबिरात भेटले. ते स्वतः पूर्ण अंध आहेत. मुलांना तपासणीला, परीक्षेला एसटीनं नेतात. पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, अशी रांग करून. गेल्या महिन्यात स्टँडवर एक बस मागं आली आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीचा हात मोडला. त्यांना गाडी हवी आहे. जुनी चालेल. ओम्नी तर फारच चालेल, सरकत्या दाराची. ड्रायव्हर त्यांच्याकडं आहे.

अप्पांना हे तू सांग. माझं नाव पुढं करू नकोस. त्यांना वाटू दे की त्यांनीच ठरवलं.

आणि एका प्रश्नाचं उत्तर दे. अप्पा अजून रस्त्यावर गाडी चालवतात का? हो किंवा नाही, एवढंच.

शुभांगी


मुरूम
२९ नोव्हेंबर

शुभा,

सांगितलं. जेवताना सांगितलं. ते म्हणाले, “आंधळ्यांना गाडी? आन् चालवणार कोण?”

मी म्हटलं, “ड्रायव्हर असतोय की त्यांच्याकडं.”

“म्हंजे आंधळा मागं आन् डोळेवाला पुढं.”

“व्हय.”

“आपलं उलटं हाय,” म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले. मी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. ‘गाडी देतोय मी. शाळेला.’ बब्रुवानला म्हणाले, ‘तुझी भिंत बांधून देतो आन् मग गाडी देतो.’ तो म्हणाला, ‘काका, आधी गाडी द्या, मग भिंत बांधू. न्हायतर पुन्हा बांधायला लागंल.’ त्यावरही हसले.

तर गाडी द्यायची ठरली आहे. तू सरांना कळव, त्यांना म्हणावं रीतसर एक पत्र पाठवा. तुझ्या अप्पांना तसं आवडतं.

सोमवारी मठात जाऊन आलो. स्वामींनी तुझी चौकशी केली. तुरीला शेंगा बऱ्या लागल्या आहेत.

अव्वा


परंडा
५ डिसेंबर

अव्वा,

मठात कसे गेलात?

मठ गावाबाहेर तीन मैलांवर आहे. तिथं एसटी जात नाही. मी हो किंवा नाही विचारलं होतं, तू तुरीच्या शेंगांचं लिहिलंस.

मी बब्रुवानला फोन केला. काही सांगितलं नाही, सहज विचारल्यासारखं केलं. तो म्हणाला, “काकांचं काय, झ्याक चालवत्यात. बाजारला जात्यात, मठात जात्यात, परवा येणेगूरला जाऊन आले. काकू शेजारी बसून जप करत असत्यात. सारखं तोंड चालू. कानडीत.”

मला त्यानंतर झोप आली नाही. तू घाबरून देवाचं नाव घेत त्या सीटवर बसतेस आणि उतरत नाहीस. का? अप्पा रागावतील म्हणून? तू बसतेस म्हणून त्यांना धीर येतो. तू बसली नाहीस तर ते एकटे जाणार नाहीत. एवढं तरी तुझ्या हातात आहे. उतर, अव्वा.

सरांना कळवलं आहे. त्यांचं पत्र येईल. ते अप्पांना नीट वाचून दाखव.

शुभांगी


नळदुर्ग
९ डिसेंबर २०२४

श्री. शिवलिंगप्पा यांना,

सप्रेम नमस्कार.

आपली गाडी आपण आमच्या मुलांना देत आहात हे आपल्या कन्येनं कळवलं. संस्थेच्या वतीनं मी आभार मानतो.

गाडी इथवर आणण्याची तसदी आपण घेऊ नये. आमचा ड्रायव्हर योगीराज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद घेऊन आपल्याकडं येईल. तोपर्यंत गाडी दारात उभी राहू द्यावी. ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक मागणं आहे. आमच्याकडं नवी वस्तू आली की मुलं ती आधी हातानं आणि कानानं ओळखतात, मगच वापरतात. गाडी स्टँडवर दहा गाड्यांत उभी असली तरी आपली कोणती हे त्यांना कळलं पाहिजे. तेव्हा आपल्या गाडीचे आवाज आम्हाला लिहून पाठवाल का? दार कसं लागतं, इंजिन कुठं कुरकुरतं, असं काहीही. इतक्या वर्षांत ते आपल्याइतके कोणाला ठाऊक नसतील.

हे पत्र मी संगणकावर लिहितो आहे. तो मला प्रत्येक ओळ वाचून दाखवतो. चूक राहिली असेल तर ती दोघांची.

आपला,
महारुद्र


मुरूम
१३ डिसेंबर २०२४

श्री. महारुद्र सर यांना,

शिवलिंगप्पाचा शरणार्थ. मी सांगतो आहे आणि आमची मंडळी लिहिते आहे.

आपलं पत्र मंडळींनी वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. ‘देणाऱ्यानं गाडी स्वतः आणून दिली तर मुलांना आनंद होईल’ हे आपण लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. आम्ही दोघं येळवसेच्या दिवशी, ३० तारखेच्या अमावास्येला, सकाळी निघतो. त्या दिवशी बाजार बंद असतो, गाव सगळं रानात पूजेला-जेवायला असतं, रस्ता मोकळा. दुपारपर्यंत पोचतो.

आता आवाज. सरकतं दार एका ढकलण्यात लागत नाही. जरा वर उचलून ढकलायचं, मग ‘ठक’ असा एकच आवाज येतो. दोन आवाज आले तर लागलेलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हते, तिसऱ्यात गप्प होते. हॉर्न मधोमध दाबला तर वाजत नाही, डाव्या कडेला दाबायचा. मागच्या सीटखाली एक नट सुटलेला आहे, खड्डा आला की तो वाजतो. मुलांना सांगा, तो काढू नका. तो वाजला की रस्ता खराब आहे एवढं बसल्या जागी कळतं. गाडीत तुरीच्या डाळीचा वास आहे. तो जाणार नाही.

डावा दिवा फुटला आहे, तो बदलून आणतो.

शिवलिंगप्पा


नळदुर्ग
१८ डिसेंबर

शुभांगीताई,

तुमचा फोन दोनदा लावला, तुम्ही ड्यूटीवर असाल. लिहूनच पाठवतो. हे नीट मांडायला मला तसंही लिहिणं बरं.

सोबत दोन पत्रं आहेत, मी तुमच्या वडिलांना पाठवलेलं आणि त्यांचं आलेलं. मी गाडी आणू नका असं लिहिलं होतं. त्यांना ‘आणून द्या’ असं ऐकवलं गेलं. त्यांच्या पत्रातलं ते वाक्य माझं नाही.

मी त्यांना फोन केला. ते फार आनंदात होते. “तुमीच तर बोलावलंय सर,” म्हणाले. मागं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. तुमच्या आई तिथं असाव्यात. मी खरं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

कारण असं. माझी पत्रं मी वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांकडून वाचून घेतली. आपल्यासाठी वाचणारा माणूस खोटं वाचतो हे कळल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. त्यानंतर त्यानं दिलेला पाण्याचा पेलासुद्धा आधी हुंगावासा वाटतो. हे मी फोनवर, मोठ्या आवाजात, त्यांच्या दुकानात करू शकलो नाही. बहुधा चुकलो.

योगीराज येळवसेला त्याच्या गावी जातो, ते त्याला मोडता येणार नाही. पण ३० तारखेला संध्याकाळपर्यंत त्याला मी तसाच मुरूमला पाठवतो. तोपर्यंत गाडी निघू नये हे तुम्ही बघा.

आणि ताई, आईंना विचारा. रागावून नको.

महारुद्र


परंडा
२० डिसेंबर

अव्वा,

तू सरांचं पत्र बदलून वाचलंस.

माझ्याकडं दोन्ही पत्रं आहेत. अप्पांच्या पत्रातलं अक्षर तुझं आहे. त्यांना यायचं होतं म्हणून तू तसं वाचलंस का? त्यांनी तुझ्यावर जोर केला का? सर म्हणाले, रागावून विचारू नको. मी प्रयत्न करते आहे.

बब्रुवानला सांगून किल्ली काढून घेता येईल. पण मग गावभर होईल. अप्पा त्या दुकानात पुन्हा बसू शकणार नाहीत. सरांसारखंच मलाही ते करवत नाही, आणि त्यामुळं रोज एक दिवस जातो आहे.

मी ३० तारखेची रजा टाकली आहे. पहाटेच्या गाडीनं निघते, दुपारी पोचते. मी येईपर्यंत गाडी काढू देऊ नकोस. किल्ली धान्यात लपव, काहीही कर.

येळवसेला रस्ता मोकळा असतो असं तुम्हा दोघांना कोणी सांगितलं?

शुभांगी


मुरूम
२४ डिसेंबर

शुभा,

तू विचारलंस म्हणून लिहिते.

तो जप नाही. मी त्यांना रस्ता सांगते. एडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं, निधान म्हटलं की हळू, निल्रि म्हटलं की थांबायचं. तुला कानडी येतं, पण बब्रुवानला येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी देवाचं काहीतरी म्हणते आहे. आम्हाला ते बरंच पडलं.

गेल्या उन्हाळ्यात सुरू झालं. रानातून येत होतो. समोर बैलगाडी होती आणि त्यांना दिसली नाही. मी ओरडले, ‘री, एडक्क!’ त्यांनी चाक फिरवलं. आधी फिरवलं, मग विचारलं, काय होतं. घरी आल्यावर मी चुलीपुढं बसले आणि भाकरी तव्यावर जळाली तरी उलटली नाही. तुला वाटेल भीतीनं. मलाही आधी तसंच वाटलं.

शुभा, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी काही बोलले की कोणीतरी ‘थांब जरा’ म्हटलेलं आहे. आधी सासूबाई, मग ते. तूही म्हणतेस. मी कधी भांडले नाही. सवय होते. पण त्या गाडीत मी शब्द बोलते आणि गाडी वळते. का म्हणून कोणी विचारत नाही. मी निल्रि म्हणेपर्यंत ते थांबत नाहीत आणि म्हटल्यावर एक हातभर पुढं जात नाहीत. बाजारातून, मठातून परत येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता सांगितलेला आहे. त्यांना कळलं असेल नसेल, ते गेले.

गाडी त्यांना नको आहे. ते थकले आहेत. मला हवी आहे.

आता भिंतीचं. तुझा फोन आला तेव्हा आम्ही गल्लीत वळत होतो. तू विचारलंस, अव्वा कुठं आहे. ते म्हणाले, “बसलीया की शेजारी, गोणीवानी.” तू हसलीस. फोन मोठ्या आवाजावर होता. सगळ्या गाडीत तुझं हसणं भरलं. मला समोर बब्रुवानचा ओटा दिसत होता. एडक्क म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

कमलबाई तिथं बसलेली होती. मी तुला नव्हती असं लिहिलं. तिला सुनेनं आतून चहाला हाक मारली आणि ती उठली. ती उठल्यावर मी बोलले असं नाही. मी बोललेच नाही. गाडी भिंतीला लागली.

त्यानंतर मी रोज सकाळी कमलबाईला ओट्यावर बसलेली बघते. ती मला विचारते, ‘शरणम्मा, गाडी कवा देणार?’

द्यायची आहे. मी नाही म्हणत नाही. फक्त एकदा मुरूम मोडावरून मोठ्या रस्त्याला लागून नळदुर्गपर्यंत जायचं आहे. एवढं लांब मी त्यांना कधी नेलेलं नाही. त्या दिवशी एक शब्दही चुकणार नाही.

अव्वा


मुरूम
३१ डिसेंबर २०२४

महारुद्र सर,

काल तुम्हाला फोनवर एवढंच सांगता आलं की सगळे सुखरूप आहेत. बाकीचं लिहिते.

अव्वाचं पत्र मला शनिवारी मिळालं. मी लगेच घरी फोन केला. अव्वाला द्या म्हटलं, तर अप्पा म्हणाले, “बोल की, ती ऐकतीया.” मी एवढंच म्हणू शकले की मी येते आहे, मला घेऊनच निघा. अप्पा म्हणाले, “ये, ये. वाट बघतो.” त्यांनी वाट बघितली नाही.

काल दुपारी मुरूम मोडावर उतरले. पुढं जायला काही मिळेना. येळवसेला रिक्षावालेही रानात असतात. मी चालत निघाले. रस्त्यावर कोणी नव्हतं. अप्पा म्हणाले होते तसाच मोकळा. तेव्हा मला कळलं की त्यांनी येळवसेचा रस्ता नेहमी असा रिकामाच बघितला आहे. येळवसेला सकाळी घरातून सगळ्यांच्या आधी रानात जाऊन पूजेची कडब्याची कोप उभारणारे ते, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी परतणारे. सकाळी सगळं गाव रस्त्यानं रानात जातं तेव्हा तो रस्ता कसा असतो, हे त्या दोघांनी कधी बघितलंच नव्हतं.

वळणावर ओम्नी दिसली. एक चाक डांबराच्या खाली उतरलेलं, सरकतं दार उघडं. आत कोणी नाही. डाव्या सीटवर अव्वाची शाल होती.

मी रस्ता बघितला. खाली वाकून बघितला, सर, तुम्ही समजून घ्याल. मग गाडीचं तोंड बघितलं. डावा दिवा नवा होता. कशालाही काही लागलेलं नव्हतं.

बाजूच्या रानातून कोणीतरी हाक मारली, “ओ ताई, म्हातारा-म्हातारी इकडं हायेत! या जेवायला!”

कडब्याच्या कोपीपुढं दोघं बसले होते. ओळख ना पाळख. येळवसेला रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, म्हणून बसवलं होतं. अप्पांच्या ताटात हिरव्या दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे होते, ते हातानं चाचपून खात होते. अव्वाचं ताट भरलेलं तसंच होतं.

अव्वानं मला बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. गावाबाहेर पडले तोवर ठीक होतं. मग पुढं माणसंच माणसं. बायकांच्या डोक्यावर दुरड्या, हातात आंबिलीची गाडगी, बैलगाड्या, ट्रॅक्टर, आणि मध्येमध्ये पळणारी लेकरं. एडक्क म्हणावं तर तिकडं माणूस, बलक्क म्हणावं तर तिकडं. “निधान, निधान म्हणत व्हते,” अव्वा म्हणाली, “आन् मग मला शब्दच सापडंना. तोंड उघडं आन् आवाज न्हाय. निल्रि बी म्हणता येईना.”

“मग?” मी विचारलं.

“ते थांबले.”

अप्पा घास चावत होते. म्हणाले, “ती गप झाली. मी ब्रेक दाबला. बब्रुवानच्या भिंतीपासनं ठरवूनच ठेवलं व्हतं. ती गप झाली की थांबायचं.”

अव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. “तुमाला ठाऊक व्हतं?”

“काय?”

“मी त्या दिवशी मुद्दाम…”

“गोणी म्हणलो व्हतो मी,” अप्पा म्हणाले. “गोणी बोलत न्हाय.”

कोपीतल्या बाईनं आणखी आंबील आणली. तिला यातलं काही कळलं नसावं. तिनं अप्पांच्या हातात गाडगं दिलं.

अव्वा म्हणाली, “आन् सरांचं पत्र?”

“दोनदा वाचून घेतलं की. पहिल्यांदा ‘ड्रायव्हर यो’ म्हणलीस आन् खोकलीस. दुसऱ्यांदा तिथंच पुन्हा खोकलीस. तवाच म्हणलं, कुणीतरी गाडी न्यायला येणार हाय.”

“मग निघालात कशाला?”

“तुला जायचं व्हतं.”

सर, मला तिथं फार राग आला. त्या दोघांचं काय चाललं होतं ते मला कळत होतं आणि तरीही आला. मी म्हणाले, “अप्पा, रस्त्यावर लेकरं होती.”

हातातलं गाडगं त्यांनी खाली ठेवायचा प्रयत्न केला, जागा सापडेना. कोणी मदत केली नाही, मीही नाही.

“व्हय,” ते म्हणाले. “ऐकू येत व्हती.”

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि अव्वाच्या हाताला लावली. ती तिनं मुठीत धरली. संध्याकाळी योगीराज येईपर्यंत आम्ही तिघं त्या रानातच होतो. अव्वाची मूठ एकदाही उघडली नाही. जेवली तीही डाव्या हातानं.

योगीराज आला. त्यानं सरकतं दार जरा उचलून ढकललं आणि ते एका आवाजात लागलं. पत्रात ऐकलं होतं म्हणाला. मग अव्वापुढं उभा राहिला. तिनं किल्ली त्याला दिली. तो म्हणाला, “काकू, पुढं बसता का? घरापर्यंत सोडतो.” ती मागं बसली. डाव्या सीटवर मी बसले. गावापर्यंत खाली तो नट वाजत होता.

तुम्ही पाठवलेली पांढरी काठी त्यानं अप्पांच्या हातात दिली आणि ती कशी धरायची ते अंगणात उभं राहून दाखवलं. अप्पा म्हणाले, “हे बी दुसऱ्या गिअरला कण्हतंय का?” कोणी हसलं नाही. तो गेल्यावर त्यांनी काठी दाराआड उभी केली. रात्री दोघांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. बहुधा झालंच नाही.

आज सकाळी अप्पा काठी घेऊन एकटेच दुकानाला निघाले. अव्वा दारात उभी होती. बब्रुवानच्या ओट्याच्या कोपऱ्याशी, जिथं विटा अजून उघड्या आहेत, ते थांबले. ओट्यावर कमलबाई बसली होती. ते तसेच उभे राहिले. अव्वा गप्प होती. मग त्यांनी काठीनं भिंत चाचपली आणि डावीकडं वळले.

शुभांगी